छातीतलं पाणी क्षयाचंच असेल असं नाही

धारणीच्या सरकारी दवाखान्यात छातीत पाणी झालेला रुग्ण आला, की पहिला संशय क्षयाचा येतो. मेळघाटात तो रास्तच आहे. पण क्षयाचा कोर्स पुरा होऊनही पाणी पुन्हा पुन्हा भरत असेल, एकाच कुशीत दुखत असेल, तर रुग्णाला एक प्रश्न विचारलाच पाहिजे: तरुणपणी कामाला कुठं होता?

सिमेंटचे पत्रे कापताना, जुनी जहाजं तोडताना, ब्रेक लायनिंगच्या कारखान्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू श्वासातून आत जातात. फुप्फुसाच्या आवरणात ते रुतून बसतात आणि 20 ते 50 वर्षांनी तिथं मेसोथेलिओमा हा कर्करोग होऊ शकतो. तोवर कारखाना बंद पडलेला असतो, माणूस गावी परतलेला असतो.

नुसतं पाणी तपासून निदान बरेचदा हुकतं. बरगड्यांमधून दुर्बीण घालून आवरणाचा तुकडा काढावा लागतो. त्यातून कर्करोगाचा प्रकार कळतो आणि उपचार त्यावरच ठरतात.

हा आजार क्वचितच पूर्ण बरा होतो, हे घरच्यांना स्पष्ट सांगावं. नेहमीची केमो म्हणजे दर तीन आठवड्यांनी पेमेट्रेक्सेड आणि सिस्प्लॅटिन. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या जोडीमुळे सरासरी आयुष्य 9.3 महिन्यांवरून 12.1 महिन्यांवर गेलं. सोबत फॉलिक अ‍ॅसिडची रोजची गोळी आणि बी-12चं इंजेक्शन असतं. साधी ताकदीची गोळी समजून ती सोडू नका, केमोचा त्रास तिच्यामुळेच आटोक्यात राहतो. निव्होल्युमॅब आणि इपिलिमुमॅब या इम्युनोथेरपीच्या जोडीनं दुसऱ्या एका चाचणीत 18.1 महिने मिळाले, त्याच चाचणीत केमोनं 14.1. सार्कोमाटॉइड या चिवट प्रकारात तिचा फायदा जास्त, पण खर्च सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचा.

शस्त्रक्रियेचा आग्रह मात्र जपून धरावा. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ‘मार्स 2’ चाचणीत आवरण सोलून काढण्याची मोठी शस्त्रक्रिया आणि केमो झालेल्यांपेक्षा फक्त केमो घेतलेले रुग्ण जास्त जगले. छातीतल्या या आजाराच्या ऑपरेशनसाठी वावर विकायला काढण्याआधी कर्करोगतज्ज्ञाचं दुसरं मत घ्याच. श्वास मोकळा करणारे छोटे उपाय मला अधिक मोलाचे वाटतात: पाणी काढून आवरणांच्या फटीत टाल्क भरणं, किंवा घरीच पाणी काढता येईल अशी नळी बसवणं.

अ‍ॅस्बेस्टॉसमुळे झालेला मेसोथेलिओमा राज्य कामगार विम्याच्या (ईएसआय) व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे. म्हणून जुनं ईएसआय कार्ड, हजेरीचा कागद, पगाराची पावती जपून ठेवा आणि पहिल्याच भेटीत डॉक्टरांना दाखवा.