पणजोबा बसऱ्याला गेले होते: एका वाक्यावर संशोधन कसं करायचं?

'पणजोबा आपट्याला गाडीत बसले, बसऱ्याला लढाईला गेले, परत आले आणि मरेपर्यंत शेती केली.' आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं हे वाक्य. पुरावा म्हणून हातात काहीच नाही. पीएचडीची तयारी करताय ना? मग हेच वाक्य सरावाला घेऊया.

पहिलं काम म्हणजे वाक्याचे तुकडे करणं. यात चार दावे आहेत: आपट्याहून रेल्वे, बसरा, लढाई आणि परत येणं. प्रत्येक दावा स्वतंत्रपणे तपासायचा, कारण एक खोटा निघाला म्हणून बाकीचे खोटे ठरत नाहीत.

रेल्वेचा दावा लगेच पडतो. पनवेल-आपटा भागात रेल्वे आली ती १९६० च्या दशकात. म्हणजे गाडी नंतर कुणीतरी गोष्टीत जोडली. बसरा मात्र टिकतो. नोव्हेंबर १९१४ मध्ये सहावी (पुणे) डिव्हिजन तिथे उतरली. तिच्यातल्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी पुढे कूतच्या वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं आणि उरलेले सैनिक तुर्कांचे कैदी झाले. कोकणातून या पलटणींत भरती होत होतीच. पण 'शक्य आहे' आणि 'झालं' यात फरक असतो, हे विसरायचं नाही.

आता लढाई. 'लढाईला गेले' म्हणजे बंदूकच हातात होती असं नाही. खेचरं हाकणारे, स्वयंपाकी, पाणी वाहणारे असे हजारो लोक फौजेबरोबर गेले. इथे पदक कामाला येतं. त्या युद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल शिपायाला चांदीचं मिळायचं, अशा मदतनीसांना ब्राँझचं. पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. आमचं पदक अडचणीच्या काळात सोनाराकडे मोडलं, असं आजी सांगते. मोडून पैसे आले असतील तर ते बहुधा चांदीचं असावं. हा पुरावा नाही, पण दिशा आहे.

सगळ्यात अवघड दावा चौथा: ते परत आले. बहुतेक जण राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या ऑनलाइन यादीत नाव शोधतात आणि सापडलं नाही की थांबतात. पण ती यादी मेलेल्यांची आहे! जो जिवंत परतला तो तिथे असणारच नाही. संख्याशास्त्रात आपण वाचलेल्यांमुळे होणारी चूक शिकतो: जे टिकलं तेच दिसतं, बाकीचं नजरेआड राहतं. इथे नेमकं उलट आहे. मेलेला दिसतो, वाचलेला हरवतो.

आणि मेलेले तरी सगळे कुठे दिसतात? बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांहून जास्त जणांची नोंद आहे. त्यात हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या हिंदी शिपायांची मात्र नुसती संख्या. पलटणींच्या युद्ध-रोजनिशीतही नावं मुख्यतः अधिकाऱ्यांचीच येतात. म्हणून 'नाव सापडलं नाही' याचा अर्थ लावण्याआधी एक प्रश्न विचारायचा: ही नोंद कुणी, कुणासाठी ठेवली?

परतलेल्या सैनिकाचं पुढचं आयुष्य दिसतं कधी? महाड तालुक्यातले गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त झाले आणि दापोलीला राहिले. १८८८ मध्ये त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध पुस्तिका छापली. महारांची सैन्यभरती बंद झाल्यावर १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पुढच्या वर्षी महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. ते आपल्याला दिसतात कारण त्यांनी लिहिलं. ज्यांनी नुसती भातशेती केली, ते तहसीलच्या कागदांत शोधावे लागतात: जुना सात-बारा, फेरफार, जन्म-मृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक. १९१८ नंतर फेरफारात पणजोबांचं नाव आणि अंगठा सापडला, तर ते परत आल्याचा तो सरळ पुरावा होईल. आणि हो, शोधताना जिल्हा 'कुलाबा' लिहा. 'रायगड' हे नाव १९८१ चं.

एक सावधगिरी. यादीत त्याच नावाचा शिपाई दिसला की तो आपलाच, असं वाटायला लागतं. वडिलांचं नाव, गाव आणि तालुका जुळल्याशिवाय त्याला घरात आणू नका. तो दुसऱ्या कुणाचा तरी पणजोबा आहे, आणि त्याचे लोकही कदाचित त्याला शोधत असतील.

तुमच्या घरातलं असं एक वाक्य घ्या. वहीत तीन रकाने आखा: दावा, आत्तापर्यंतचा आधार, आणि काय सापडलं तर दावा पडेल. तिसरा रकाना भरता आला नाही, तर तो दावा अजून संशोधनाचा विषय झालेला नाही.