आईच्या वहीतला अभंग

आमच्या आईपाशी अभंगांची एक वही होती. लाल कापडी बांधणीची, कोपरे झिजलेली, पानापानावर हळदीची बोटे उमटलेली. आत ज्ञानोबा, नामदेव, जनाबाई, तुकोबा असे भाग पाडलेले. तुकोबांच्या भागात पहिल्याच पानावर बीजावरचा तो अभंग होता. एवढेसे बीज आणि त्यातून उभी राहिलेली सारी सृष्टी, असा त्याचा भाव. ज्यांनी प्रभातचा ‘संत तुकाराम’ पाहिला आहे, त्यांच्या ओठांवर तो एव्हाना आलाही असेल. रोज सकाळी देवांना गंध लावताना आई तो म्हणे, आणि तोही थेट विष्णुपंत पागनीसांच्या चालीवर.

हा बोलपट १९३६ सालचा. आईचे तेव्हा नुकतेच लग्न झाले होते, आणि सासूबाईंनी सुनेला आपण होऊन पाहायला पाठवलेला तो पहिला बोलपट. मी तो पाहिला १९५२ साली, दहा वर्षांचा असताना, तिच्या शेजारी बसून. पडद्यावर प्रभातची तुतारीवाली बाई उभी राहिली तशी आईने पायांतल्या चपला काढून बाकाखाली सारल्या. मला मोठी गंमत वाटली. आई मात्र देवळात बसावे तशी बसली होती.

पुढे मी कॉलेजात गेलो, आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलाला जे होते ते मलाही झाले. चार पुस्तके वाचली की घरच्यांना शहाणे करून सोडावेसे वाटू लागते! १९६१ सालची गोष्ट. दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती. मला कुठूनसा शोध लागला, की बीजावरचा तो अभंग तुकोबांच्या गाथेत नाहीच. तो लिहिला प्रभातमधल्या शांताराम आठवले नावाच्या कवीने, बोलपटासाठी म्हणून. बोलपट झाला तेव्हा हे गृहस्थ पंचविशीच्या आसपासचे. झाले! रात्री पानावर बसल्याबरोबर मी जाहीर केले, “आई, तुझा तो अभंग तुकोबांचा नाही बरं का! सिनेमातलं गाणं आहे ते.”

आई काही बोलली नाही. आमटी वाढून झाली, ताक वाढून झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी देवघरातून घंटा ऐकू आली, पण अभंग ऐकू आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी अण्णा मला बाजूला घेऊन एवढेच म्हणाले, “खरं सांगितलंस, पण सांगायची घाई केलीस.”

ते शब्द मला फार लागले. मोडले ते आपणच सांधले पाहिजे असे वाटले. प्रभात स्टुडिओच्या आवारात नुकतीच, १९६० साली, सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली होती. आमच्या आळीत एक वयस्क गृहस्थ होते, त्यांनी प्रभातचे दिवस जवळून पाहिले होते. मी त्यांना गाठले, मिळेल ते वाचले, आणि संध्याकाळी आई करंज्या करायला बसली की तिच्यापुढे पाट ओढून एकेक माणूस सांगू लागलो.

पहिल्या दिवशी दिग्दर्शकांची जोडी सांगितली. विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल. दोघेही पडदे रंगवता रंगवता या धंद्यात आलेले, बाबुराव पेंटरांच्या तालमीत तयार झालेले. बाबुरावांनी कोल्हापुरात स्वतःचा कॅमेरा घडवला, त्यातही दामल्यांचा हात होता. १९२९ साली प्रभात निघाली तिचे हे दोघे भागीदार, पण नाव व्हायचे ते बहुधा शांतारामबापूंचे. दामले ध्वनिमुद्रणाच्या खोलीत आणि फत्तेलाल देखाव्यांच्या कामात. १९३३ साली कंपनी पुण्यास आली, आणि तीन वर्षांनी या दोघांनी मिळून तुकोबांची देहू उभी केली.

“फत्तेलाल म्हणजे मुसलमान ना रे?” आईने लाटणे थांबवून विचारले.

“हो. सारे त्यांना साहेबमामा म्हणत.”

“त्यांनी आमची देहू उभारली!” असे म्हणून आईने पारी लाटायला घेतली. त्या दिवशी ती तेवढेच बोलली.

दुसऱ्या दिवशी पागनीस. हे गृहस्थ मूळचे नाटकमंडळीतले, स्त्रीभूमिका करणारे. तुकोबांचे सारे अभंग त्यांनी स्वतः गायले. केशवराव भोळ्यांनी चाली अशा बांधल्या, की गाणे आले म्हणून गोष्ट खोळंबत नाही. माणूस बोलता बोलता गाऊ लागावा तसे ते येते. बोलपटानंतर पागनीसांनाच तुकोबा समजून लोक त्यांच्या पाया पडू लागले. “मीही पडले असते,” आई म्हणाली.

आणि जिजाई! ती केली गौरीबाईंनी. या बाई काही नामवंत नटी नव्हेत. प्रभातमध्ये किरकोळ कामे करता करता, घोळक्यात उभ्या राहता राहता पुढे आलेल्या. पण मुलगा आजारी पडल्यावर चप्पल उगारून विठोबाच्या देवळात शिरणारी ती जिजाई ज्याने पाहिली, तो तिला विसरेल काय? शिवराम वाशीकरांनी तिच्या तोंडी लिहिलेली भाषाही शेणामातीतली, चुलीपुढली. अखेर तुकोबांसाठी वैकुंठाचे विमान येते, पण जिजाई मागे राहते, चुलीपाशी आणि पोरांपाशी.

“तिला कसं जाता येणार?” आई म्हणाली. “संध्याकाळचा स्वयंपाक कोण करणार?”

व्ही. अवधूतांच्या छायालेखनाचे सांगून झाले. मुंबईला सेंट्रल सिनेमात हा बोलपट सत्तावन्न आठवडे चालला, १९३७ साली इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, तेही सांगितले. उरले एकटे आठवले. त्यांच्याविषयी बोलायला मी भीत होतो. शेवटी धीर करून म्हणालो, “आई, त्यांनी कुणाला फसवलं नाही ग. प्रसंगाला हवा तसा अभंग करून दिला, इतकंच. त्यात शेवटी तुकोबांची नाममुद्राही नाही. ती लोकांनीच आपल्या मनानं लावली.”

आई करंजीची कड कातत होती. कातणे फिरवता फिरवता तिने विचारले, “त्या सिनेमात तो साळोमालो काय करतो रे?”

भागवतांनी रंगवलेला तो देहूचा बुवा! तुकोबांचे अभंग चोरून स्वतःच्या नावावर खपवतो तो. मी तसे सांगितले.

“आणि या आठवल्यांनी काय केलं?”

मी गप्प झालो.

“त्यानं दुसऱ्याचं घेऊन आपलं नाव घातलं. यांनी आपलं दिलं आणि नाव घातलं नाही. मग यात खोटं काय झालं?” एवढे बोलून तिने करंज्यांचे ताट उचलून कढईशी नेले.

नरकचतुर्दशीला पहाटे, अंगाला उटणे चोळून घेत मी कुडकुडत बसलो होतो, तेव्हा देवघरातून बीजाचा अभंग पुन्हा ऐकू आला. अण्णांनी माझ्याकडे पाहिले, मी अण्णांकडे पाहिले. कोणीच काही बोलले नाही.

आज माझी ऐंशी उलटून गेली आहे. आई नाही. प्रभातची कंपनी तर त्यापूर्वीच बंद पडली होती. व्हेनिसचे ते प्रशस्तिपत्रही मध्यंतरी गहाळ झाले होते. थेट केरळात एका छायालेखकापाशी ते सापडले आणि २००४ साली पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात परत आले. ती बातमी वाचली आणि मला इंद्रायणीने परत दिलेल्या वह्या आठवल्या.

त्याच दिवशी मी आईची वहीही काढली. वाटले, तो अभंग तिने पुढे कधीतरी खोडला असेल, निदान तुकोबांच्या भागातून काढून मागच्या पानांवर तरी नेला असेल. तसे काही नव्हते. तो पहिल्याच पानावर, जिथल्या तिथे होता. फक्त खाली, निराळ्या शाईने, तिच्या ठसठशीत बाळबोध अक्षरात एक ओळ वाढली होती:

‘कर्ते शांताराम आठवले. मंडळी: दामले, साहेबमामा, वाशीकर, भोळे, अवधूत, पागनीस, गौरीबाई. सर्वांस नमस्कार.’