पंचकोनी ताऱ्याचा लढा आणि विक्का पंथाचा दिनक्रम

अमेरिकेच्या नेवाडा राज्यात फर्नले येथे माजी सैनिकांची दफनभूमी आहे. तेथील स्मृतिभिंतीवरील एक जागा काही महिने मुद्दाम रिकामी ठेवण्यात आली होती. सप्टेंबर २००५ मध्ये अफगाणिस्तानात हेलिकॉप्टर पाडले गेले आणि त्यात सार्जंट पॅट्रिक स्टुअर्ट यांना मृत्यू आला. त्यांच्या नावाचा फलक या जागी बसायचा होता. नाव, हुद्दा, पदके यांविषयी कोणाचा आक्षेप नव्हता. अडले होते ते धर्मचिन्हावर. स्टुअर्ट विक्का पंथाचे अनुयायी होते आणि त्यांच्या पत्नीला फलकावर वर्तुळातील पंचकोनी तारा हवा होता. माजी सैनिकांच्या कारभाराचे केंद्रीय खाते तो मान्य करीत नव्हते. त्याच खात्याच्या मान्य यादीत ३८ चिन्हे होती आणि त्यांत नास्तिकांसाठीचेही एक होते!

विक्का म्हणजे आधुनिक काळात घडलेल्या ‘पेगन’ उपासनापंथांपैकी सर्वाधिक परिचित पंथ. ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या युरोपातील देवदेवतांकडे व निसर्गपूजेकडे वळू पाहणाऱ्या अनेक पंथांना मिळून पेगन म्हणतात. या पंथाचे लोक स्वतःला ‘विच’ म्हणवतात. मराठीत त्यासाठी ‘चेटकीण’ हा शब्द चटकन ओठांवर येतो आणि तेथेच गफलत होते. कोणाचेही अहित न करता हवे ते करावे, हा पंथाचा मुख्य नीतिनियम आहे. सैतानाची कल्पना ख्रिस्ती धर्मातील असल्याने तिला येथे स्थानच नाही.

पंथ प्राचीन असल्याचा दावा मात्र इतिहासाच्या कसोटीवर टिकलेला नाही. ब्रिटनमधील चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. मलायात जकात खात्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी, पुरातन धर्म जपणाऱ्या एका मंडळाने आपल्याला दीक्षा दिल्याचे सांगितले होते. रोनाल्ड हटन या इतिहासकाराने १९९९ च्या ग्रंथात ही उपासना बहुतांशी आधुनिक काळातच घडल्याचे साधार दाखवून दिले. आश्चर्य म्हणजे अनेक अनुयायांनी हे निष्कर्ष शांतपणे स्वीकारले. पंथ जुना असण्यापेक्षा तो रोजच्या जगण्यात उपयोगी पडतो की नाही, हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटतो.

रोजचे जगणे म्हणजे मुख्यतः कालगणना. अयनदिन, संपातदिन आणि त्यांच्यामधले चार दिवस असे आठ सण मिळून ‘वर्षाचे चाक’ पूर्ण होते. उत्तरायण-दक्षिणायन ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही रचना अनोळखी वाटू नये. ३१ ऑक्टोबरच्या ‘साऊइन’ सणाला मृतांचे स्मरण होते. काही घरांत त्या रात्री जेवणाच्या मेजावर गेलेल्यांसाठी एक पान जास्तीचे मांडतात आणि जेवण मौनाने होते. पितृपक्षाची आठवण यावी असाच हा प्रसंग. ऑस्ट्रेलियात मात्र ऑक्टोबरअखेर वसंत फुललेला असतो. त्यामुळे तेथील बरेच अनुयायी त्याच सुमारास वसंताचा ‘बेल्टन’ साजरा करतात आणि मृतांचा सण एप्रिलअखेरीस नेतात. ग्रंथात छापलेल्या तारखेपेक्षा दाराबाहेरचा ऋतू प्रमाण मानला जातो.

घरातील वेदी बहुधा साधी असते. एखाद्या कपाटावर किंवा छोट्या मेजावर मेणबत्ती, पाण्याची वाटी, मीठ, धूप आणि काळ्या मुठीची सुरी एवढा सरंजाम पुरतो. ही सुरी कापण्यासाठी नसते. उपासनेचे वर्तुळ आखण्यासाठी ती वापरतात. पौर्णिमेला काही जण मंडळात जमतात, पण एकट्यानेच उपासना करणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. सार्वत्रिक धर्मग्रंथ नाही, मध्यवर्ती पीठ नाही, सर्वांवर अधिकार चालवणारा धर्मगुरूही नाही. इंग्लंड व वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४ हजार जणांनी आपला धर्म ‘पेगन’ आणि सुमारे १३ हजार जणांनी ‘विक्का’ असा नोंदवला.

मध्यवर्ती पीठ नसणे उपासनेत सोयीचे असते. सरकारी कचेरीत मात्र तेच अडचणीचे ठरते. विक्का हा धर्मच आहे, असा निर्वाळा अमेरिकेच्या एका अपील न्यायालयाने १९८६ मध्येच दिला होता. तरीही १९९९ मध्ये टेक्सासमधील फोर्ट हूड लष्करी तळावर सैनिकांच्या विक्का उपासनेवरून गदारोळ झाला, तेव्हा त्या राज्याचे गव्हर्नर जॉर्ज बुश यांनी हा धर्म असल्याचे आपल्याला वाटत नाही, असे मत व्यक्त केले. नोकरीवर गदा येईल, घटस्फोटाच्या दाव्यात मुलांचा ताबा जाईल, या धास्तीने आपली श्रद्धा शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून लपवणारे अनुयायी आहेत.

विवाहाच्या बाबतीतही तेच. ‘हँडफास्टिंग’ विधीत वधूवरांचे हात फितीने वा दोरीने एकत्र बांधतात. स्कॉटलंडमध्ये मान्यताप्राप्त पेगन पुरोहिताने लावलेला विवाह कायदेशीर ठरतो. इंग्लंड व वेल्समध्ये कायद्याचा भर विवाहाच्या स्थळावर राहिला. त्यामुळे मोकळ्या रानात हात बांधून घेतलेल्या जोडप्याला नोंदणी विवाह वेगळा करावा लागे. स्थळाऐवजी विवाह लावणाऱ्या व्यक्तीला मान्यता द्यावी, अशी शिफारस तेथील विधी आयोगाने २०२२ मध्ये केली.

स्टुअर्ट यांच्या फलकाचा प्रश्न आधी नेवाडा राज्याने स्वतःच्या अधिकारात सोडवला आणि २००६ च्या अखेरीस ताऱ्यासह फलक भिंतीवर लागला. केंद्रीय खात्याविरुद्धचा दावा मात्र चालू राहिला. २३ एप्रिल २००७ रोजी तडजोड झाली. त्यानुसार पंचकोनी तारा मान्य चिन्हांच्या यादीत आला आणि वादींच्या कायदेशीर खर्चापोटी २ लाख २५ हजार डॉलर देण्याचे खात्याने मान्य केले. त्यानंतर अन्य विक्का सैनिकांच्या समाधिशिळांवरही हे चिन्ह कोरले जाऊ लागले.