पाडलेला प्रासाद, वाचलेला रस्ता

बर्लिनमध्ये श्प्रे नदीच्या काठी १९७६ साली तांबूस काचांची एक लांबलचक इमारत उभी राहिली. नाव ‘पालास्ट डेर रेपुब्लिक’, म्हणजे प्रजासत्ताकाचा प्रासाद. पूर्व जर्मनीची संसद इथे भरायची, पण पक्षाने आधीच ठरवलेल्या गोष्टींवर हात वर करण्यापलीकडे तिला फारसे काम नसे. सामान्य माणसे इथे यायची ती वेगळ्याच कारणांनी. पाच हजार माणसे मावतील असे सभागृह, उपाहारगृहे, बोलिंग, डिस्को, पोस्ट ऑफिस असे सगळे एका छपराखाली होते. प्रवेशदालनात काचेच्या गोल दिव्यांचे घोसच्या घोस लटकत. पक्षप्रमुख एरिक होनेकर यांच्या नावावरून बर्लिनकरांनी या इमारतीला ‘एरिकचे दिव्यांचे दुकान’ असे टोपणनाव दिले होते.

बर्लिनची भिंत पडल्यानंतर, मार्च १९९० मध्ये, पूर्व जर्मनीत पहिल्यांदाच खुली निवडणूक झाली. त्यातून निवडून आलेल्या संसदेने २३ ऑगस्टला याच इमारतीत पश्चिम जर्मनीत सामील होण्याचा ठराव केला. म्हणजे हुकूमशाहीने बांधलेल्या सभागृहातच तिच्या राज्याचा शेवट मतदानाने ठरला. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा ही वास्तू जपायला हवी होती, असे मला वाटते. पण महिन्याभरात तिला कुलूप लागले. आगीपासून बचाव म्हणून पोलादी सांगाड्यावर फवारलेले ॲस्बेस्टॉस आरोग्याला घातक होते.

हे कारण खरेच होते. ॲस्बेस्टॉस काढण्याचे काम २००३ पर्यंत चालले आणि आत उरला नुसता पोलाद-काँक्रीटचा सांगाडा. धोका संपला होता, इमारत नव्याने सजवता आली असती. नेमके त्याच वर्षी जर्मन संसदेने पाडकामावर शिक्कामोर्तब केले. २००६ ते २००८ या काळात पालास्टचा तुकडा न् तुकडा उतरवला गेला. पश्चिम बर्लिनमधले आयसीसी हे अवाढव्य परिषद केंद्रही सत्तरच्याच दशकातले. त्यातही ॲस्बेस्टॉस निघाले. ते मात्र आजही उभे आहे आणि २०१९ पासून संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे. दोन इमारतींना दोन न्याय का, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर जुन्या पूर्व बर्लिनकरांना कधी मिळाले नाही.

पाडण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. याच जागी प्रशियाच्या राजांचा राजवाडा होता. दुसऱ्या महायुद्धात तो होरपळला, तरी दुरुस्त होण्याजोगा होता. सरंजामशाहीची खूण नको म्हणून पूर्व जर्मनीतल्या वाल्टर उलब्रिख्त यांच्या राजवटीने १९५० साली तो सुरुंग लावून उडवला. ती जखम भरून काढावी, असे अनेकांना मनापासून वाटत होते. म्हणून पालास्टच्या जागी फ्रांको स्टेला यांच्या आराखड्यानुसार तीन बाजूंनी जुन्या राजवाड्याची प्रतिकृती आणि चौथ्या बाजूला साधी आधुनिक भिंत असलेले ‘हुम्बोल्ट फोरम’ हे संग्रहालय बांधले गेले. २०२१ पासून प्रेक्षक तिथे जातात. राजवाडा उडवणाऱ्यांना नकोसा इतिहास पुसायचा होता. पालास्ट पाडतानाही तेच घडले. फरक एवढाच, की या वेळी रीतसर चर्चा आणि मतदान झाले.

पूर्व बर्लिनचे सगळेच असे गेले नाही, हे नशीब. कार्ल-मार्क्स-अले पाहावा. पन्नासच्या दशकात त्याचे नाव होते स्टालिन-अले. जवळजवळ नव्वद मीटर रुंद रस्ता आणि दोन्ही बाजूंना मॉस्कोच्या धर्तीवरच्या भव्य निवासी इमारती. त्यावर हेर्मान हेन्सेलमान आणि इतर वास्तुविशारदांची छाप आहे. बाहेरच्या भिंतींना चिनीमातीच्या फरशा, आत लिफ्ट, गरम पाणी, स्वतंत्र न्हाणीघर. बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या शहरात ही चैनच होती. इथल्याच बांधकाम मजुरांनी जून १९५३ मध्ये कामाचा वाढवलेला कोटा नाकारून संप केला. १७ जूनला तो देशभराचा उठाव झाला आणि सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला. नंतरच्या काळात भिंतींवरच्या फरशा निखळून पडू लागल्या. तरी एकीकरणानंतर हा रस्ता संरक्षित राहिला, इमारतींची डागडुजी झाली आणि तिथे माणसे राहत राहिली. वापरात असलेल्या घरावर हातोडा सहजासहजी पडत नाही.

जपायचे म्हणजे गौरव करायचा, असा समज असतो. लिश्टेनबर्ग भागातले श्टाझी या गुप्त पोलीस खात्याचे मुख्यालय पाहिले की तो दूर होतो. १५ जानेवारी १९९० रोजी नागरिक तिथे घुसले. आज तिथे संग्रहालय आहे आणि श्टाझीचा प्रमुख एरिक मील्के याचे कार्यालय टेबल-टेलिफोनसह राखले आहे. इतक्या साध्या, लाकडी, नीटनेटक्या खोलीतून लाखोंवर पाळत ठेवली जात होती, हे पुस्तकापेक्षा त्या खोलीत उभे राहिल्यावर जास्त कळते.

सगळ्यात बोलकी इमारत मात्र आजचे अर्थमंत्रालय. नाझी नेता हेर्मान गोअरिंग याच्या हवाई खात्यासाठी १९३५-३६ मध्ये ती बांधली. ७ ऑक्टोबर १९४९ ला पूर्व जर्मनीची स्थापना तिथेच झाली. तिच्या खांबांमागे माक्स लिंग्नर यांचे, माइसनच्या चिनीमातीच्या फरशांवर रंगवलेले भित्तिचित्र आहे: हसरे कामगार, गाणारी मुले. ते पुरे झाले त्याच वर्षी, १७ जून १९५३ ला, खरे कामगार याच दारासमोर घोषणा देत उभे होते. चित्र काढून टाकलेले नाही. त्याच्या समोर, जमिनीत काचेखाली, त्या दिवसाच्या मोर्चाचा मोठा फोटो २००० साली बसवला गेला. सत्तेने रंगवलेले आणि प्रत्यक्षात घडलेले, दोन्ही एका नजरेत येते. जपणुकीची याहून प्रामाणिक पद्धत मला ठाऊक नाही.

बर्लिनला गेलात तर ब्रांडेनबुर्ग दरवाजा पाहून परत फिरू नका. तिथूनच यू-५ ही भुयारी गाडी पकडा, वेबरवीज स्थानकावर उतरा आणि कार्ल-मार्क्स-अलेवरून फ्रांकफुर्टर टोअरच्या दोन मनोऱ्यांपर्यंत चालत जा.