बाहुलीचा रंग पुसताना

गेल्या वर्षावासात पारोळ्याच्या आमच्या विहारातील रविवारच्या बालवर्गासाठी कल्याणच्या एका पाहुण्यांनी जुन्या खेळण्यांचे खोके पाठवले. त्यात पाच बाहुल्या होत्या. गुलाबी कातडी, पिवळे केस, पापण्यांवर निळा रंग, ओठ लालभडक. मुलींनी लगेच घर-घर मांडले. एक बाहुली नवरी झाली, एक मॅडम, एक डॉक्टरीण. भांडी घासणारी बाई मात्र कोणी होईना. तेव्हा एका पोरीने दप्तरातून आजीने शिवलेली काळ्या चिंधीची बाहुली काढली आणि तिला मोरीवर बसवले. तिला तसे कोणीही सांगितले नव्हते.

मी नोकरीने कारकून. बाहुल्या हा काही माझा प्रांत नाही. पण ते दृश्य डोक्यातून जाईना, कारण नेमके असेच दृश्य अमेरिकेत ऐंशी वर्षांपूर्वी दोन संशोधकांनी टिपून ठेवले आहे आणि ते मी वाचलेले होते.

त्यांची नावे केनेथ क्लार्क आणि मेमी क्लार्क. हे निग्रो जोडपे. दोघांनीही मानसशास्त्रातील डॉक्टरेट कोलंबिया विद्यापीठातून घेतली. हो, तेच विद्यापीठ, जिथे १९१३ ते १९१६ या काळात आपले बाबासाहेब शिकले. क्लार्क दांपत्याने चार बाहुल्या घेतल्या. सगळ्या एकसारख्या, फक्त दोन तपकिरी कातडीच्या व काळ्या केसांच्या, दोन गोऱ्या व पिवळ्या केसांच्या. तीन ते सात वर्षांच्या २५३ काळ्या मुलांना एकेक करून विचारले : खेळायला कोणती देशील? छान कोणती? वाईट दिसते ती कोणती? शंभरातील ६७ मुलांनी खेळायला गोरी बाहुली उचलली. ५९ जणांनी वाईट म्हणून तपकिरी बाहुलीकडे बोट दाखवले. आणि अगदी शेवटी प्रश्न आला, तुझ्यासारखी दिसते ती कोणती? या प्रश्नाला काही मुले रडू लागली.

लक्षात घ्या, ही मुले अजून धड लिहायलाही शिकली नव्हती. कमीपणा मात्र शिकून झाला होता.

पुढे गोऱ्यांच्या व काळ्यांच्या वेगळ्या शाळांविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. थर्गुड मार्शल यांनी तो लढवला. १७ मे १९५४ रोजी सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी एकमताचा निकाल वाचला की वेगळ्या शाळा घटनेविरुद्ध आहेत. त्या निकालाच्या तळटीपेत क्लार्क यांच्या अभ्यासाचा उल्लेख आहे. बाहुलीने न्यायालयात साक्ष दिली म्हणा ना!

कोणी म्हणेल, आपल्याकडे प्रश्न जातीचा, रंगाचा नव्हे. खरे आहे. एकाच प्रांतातले ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशाने वेगळे नाहीत, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या भाषणातच मांडले. मग जयभीमवाल्या घरात गोरेपणाची ही ओढ कुठून आली? वधू-वर मेळाव्याची परिचयपत्रे मी स्वतः भरून घेतो. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेला, हुंडा घेणार नाही असे ठासून सांगणारा मुलगा ‘अपेक्षा’ या रकान्यात लिहितो, गोरी, सुशिक्षित. याच साप्ताहिकाच्या जाहिराती काढून पाहा. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’चे नाव २०२० मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. नळी तीच राहिली, आणि आपल्या ताकावरच्या आरशापुढची तिची जागाही.

असो. बाहुल्यांचे काय केले ते सांगतो.

ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर सोनिया सिंग नावाची बाई आहे. नोकरी गेल्यावर तिने भंगारातील नटव्या बाहुल्या आणून त्यांचे रंगवलेले चेहरे पुसायला आणि त्या जागी साध्या, खेळकर मुलींचे चेहरे काढायला सुरुवात केली. कपडे तिची आई विणते. २०१५ मध्ये हे जगभर गाजले. त्याहून मला जवळचे वाटते ते लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीचे. १९६५ च्या दंगलीत होरपळलेल्या त्या वस्तीतील काळ्या लोकांनी १९६८ मध्ये शिंडाना नावाचा स्वतःचा कारखाना काढला आणि काळ्या मुलांच्या नाकाडोळ्यांच्या बाहुल्या केल्या. १९८३ पर्यंत तो चालला.

आमच्याकडे कारखाना नाही, पण पेंटर आहे. चौदा एप्रिलला गावातल्या भिंतींवर बाबासाहेब काढणारा. पहिली बाहुली मी घाईने घरातल्या ऑइलपेंटने रंगवली आणि वाया घालवली. मऊ रबरी प्लॅस्टिकवर तो रंग वाळतच नाही, आठवड्यानेही बोटाला चिकटतो. पेंटरने डोक्याला हात लावला.

त्याची रीत अशी. नेलपॉलिश काढायच्या औषधाने कापसाचा बोळा भिजवून जुने डोळे-ओठ पुसायचे. दारे-खिडक्या उघड्या ठेवून, चुलीपासून लांब. ते पेट घेते. कडक प्लॅस्टिक त्यात विरघळते, म्हणून आधी मानेमागे लावून पाहायचे. मग साबणाने धुऊन अ‍ॅक्रिलिक रंगाचे पातळ हात द्यायचे, एक वाळल्यावर दुसरा. कातडीच्या रंगात काळा घालायचा नाही. चेहरा राखेचा दिसतो. तांबडा, पिवळा, थोडा पांढरा आणि निळ्याचा एक थेंब. आणि डोळा! कारखान्यातल्या बाहुलीचे बुबुळ पूर्ण गोल उघडे असते, म्हणून ती दचकल्यासारखी दिसते. वरच्या पापणीने बुबुळाचा थोडा भाग झाकला आणि बुबुळात पांढरा ठिपका दिला की ती आपल्याकडे बघू लागते.

“बाबासाहेबांचे प्लॅस्टरचे पुतळे आणतात, तेही गुलाबी गालांचे,” पेंटर ब्रश धूत म्हणाला. “मी घरी आणून रंगवतो, तेव्हा कुठे तो आपला माणूस दिसतो.”

तयार झालेली बाहुली रविवारी वर्गात ठेवली. एका चिमुरडीने विचारले, “हाई बाहुली काळी काबरं करी टाकी?”

“काळी नही, तुन्हामायक करी,” पेंटर म्हणाला.

तिने आपला हात बाहुलीच्या गालाशी लावून पाहिला. बोलली काही नाही. त्या रविवारी बाहुली कोणी उचललीही नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. क्लार्कच्या मुलांसारखेच. तिसऱ्या रविवारी मात्र कोणीतरी तिला निळ्या कापडाची साडी नेसवली आणि मॅडमच्या खुर्चीवर बसवली. मोरीवर आता पिवळ्या केसांची गोरी बाहुली होती.

मी खूश झालो. मागे बसलेल्या एका मुलीची आई मात्र हसली नाही. “सर, मी चार घरची भांडी घासते. त्याच पैशावर पोरगी शिकते,” ती म्हणाली. “मोरीवर कोणालाही बसवा, पण ती जागा शिक्षेची आहे असं पोरींना का वाटावं?”

यावर मला पटकन उत्तर सुचले नाही. पुढच्या रविवारी त्याच माउलीला वर्गापुढे बोलायला बोलावले आहे. तीन बाहुल्या रंगवायच्या बाकी आहेत. केसांसाठी काळी लोकर मिळाली आहे. ती बसवायचे काम मोठ्या मुलींनी अंगावर घेतले आहे.