बेऱ्यांचा उपास

भाचीच्या तेराव्या वाढदिवसाला मी कॅनडात बहिणीकडे होते, ओंटारिओत. तिच्या एका मैत्रिणीनं केकवरच्या स्ट्रॉबेऱ्या अलगद बाजूला काढल्या. मला वाटलं, ॲलर्जी असेल.

"नाही गं मावशी, तिचा बेऱ्यांचा उपास आहे. वर्षभर!"

मुलगी ओजिब्वे, म्हणजे तिथल्या अनिशिनाबे या मूळनिवासी समाजातली. पाळी सुरू झाली की त्यांच्या अनेक घरांत मुलगी वर्षभर एकही बेरी खात नाही. माझी आजी चातुर्मासात वांगं सोडायची, तसाच नेम. स्ट्रॉबेरीला त्यांच्या भाषेत 'ओदेइमिन' म्हणतात, हृदयाचं फळ. आवडीचं समोर असताना नको म्हणायला शिकायचं. त्या वर्षात आजी, मावश्या, आत्या तिला बाईपणाच्या गोष्टी सांगतात. पाळीला म्हणायचं 'चंद्राचा काळ', आणि चंद्र म्हणजे आजी, नोकोमिस. आपला चांदोमामा तिकडे आजी झालाय! कासवाच्या पाठीवरचे १३ मोठे खवले म्हणजे वर्षातले १३ चंद्र आणि कडेचे २८ छोटे म्हणजे दिवस, असं पोरांना दाखवून शिकवतात. (अधिकमास आला की आपलेही तेरा होतातच की.) पाळी चंद्राच्या तालावर चालते, हे मात्र विज्ञानात धड टिकत नाही. चंद्राचं चक्र साडेएकोणतीस दिवसांचं. पाळी २१ ते ३५ दिवसांत कधीही, वयात येताना तर आणखी मागंपुढं. भाचीला मी ते सांगितलंच.

बाजूला राहणं तिथंही आहे. त्या दिवसांत बाई पवित्र चिलमीला हात लावत नाही, वाफेच्या विधीघरात जात नाही. ऐकून मी चमकलेच. 'कावळा शिवला' म्हणून कोपऱ्यात काढलेले दिवस आठवले. पण तिथं कारण उलटं सांगतात. बाई विटाळशी नव्हे, तिची शक्तीच तेव्हा विधीवर भारी पडेल इतकी असते. खरं सांगू? मला पूर्ण पटलं नाही. शक्तीच्या नावानं का होईना, दार बंदच. तिथल्या काही तरुण मुलीही हाच वाद घालतात. तरी मुलीला काहीतरी सांगितलं तर जातं! माझ्या हातात आईनं फडकं दिलं, एवढंच.

ही शिकवण मध्ये तुटली होती. निवासी शाळांत मुलांना आई-आजीपासून दूर ठेवलं, मातृभाषा बोलू दिली नाही. त्यातली शेवटची शाळा १९९० च्या दशकात बंद झाली. त्यामुळे या मुलीच्या आईला तो उपास कधी मिळालाच नव्हता. लेकीबरोबर तिनंही बेऱ्या सोडल्या, चाळिशीत.

वर्ष सरलं की जेवण घालतात. जूनमध्ये, त्यांच्या 'स्ट्रॉबेरीच्या चंद्रा'त, भाचीला आमंत्रण होतं. सगळ्यांदेखत मायलेकींनी एकदमच पहिली स्ट्रॉबेरी खाल्ली, असं तिनं मला फोनवर सांगितलं.