आधी बाटली उभी राहू दे

१९९४ च्या जूनमध्ये नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत इंजेक्शनं बनवणाऱ्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला लागलो. तिथे ‘व्हिज्युअल’ म्हणून ओळखली जाणारी एक लांबट खोली होती. दोन ओळींत टेबलं, प्रत्येक टेबलावर ट्यूबलाइटची पेटी आणि तिच्या आत अर्धा पांढरा, अर्धा काळा बोर्ड. समोर बसलेल्या बायका दिवसभर ॲम्प्यूल बघायच्या. माझं तिथलं काम एवढंच, की ट्यूब किंवा चोक गेला तर बदलायचा. पण ट्यूब बसवून झाल्यावरही माझा पाय तिथून निघायचा नाही.

चार-पाच ॲम्प्यूल मानेशी एकत्र धरायच्या, मनगट हळू वळवून उलट्या करायच्या आणि हात जागच्या जागी थांबवायचा. हात थांबला तरी आतलं औषध फिरत राहतं. काचेचा कण असेल तर तो चमकत खाली बसतो, तंतू असेल तर मध्येच रेंगाळतो, बुडबुडा वर पळतो. काचेवरचा ओरखडा मात्र काचेबरोबरच थांबलेला असतो. युरोपीय फार्माकोपियात या तपासणीची रीत दिली आहे: २,००० ते ३,७५० लक्स प्रकाशात पांढऱ्यापुढे ५ सेकंद, काळ्यापुढे ५ सेकंद. हाताबद्दल तिथे इतकंच म्हटलंय, की हलकेच फिरवा किंवा उलटी करा, बुडबुडे होऊ देऊ नका.

तिथल्या सगळ्यांत जुन्या बाईंना सगळे मावशी म्हणत. एकदा हौसेने मीही एक ॲम्प्यूल उचलून उलटी केली. मावशी म्हणाल्या, “दादा, झटका देऊ नका. बुडबुडे झाले की काही कळत नाही, मग ती तशीच ठेवून द्यावी लागते.” तेव्हा मला ती साधी सूचना वाटली. या बायकांचं कसब त्यांच्या डोळ्यांत आहे, असं मी धरून चाललो होतो. कारखानाही तसंच धरून चालला होता. वेळोवेळी नेत्रतपासणी व्हायची, चष्म्याची नोंद व्हायची, डोळ्यांना ठरावीक विश्रांती मिळायची. मनगटाची नोंद कुठल्याच रजिस्टरात नव्हती.

२००१ मध्ये माझी बदली कंपनीच्याच सिरप विभागात झाली. तिथे लाइनवर पहिला कॅमेरा आला होता. बूच नीट बसलंय का, औषध गळ्याशी ठरलेल्या रेषेपर्यंत आहे का, लेबल सरळ आहे का, हे बघायचं त्याचं काम. मिनिटाला १२० बाटल्या आणि चेनचा वेग मिनिटाला १२ मीटर, म्हणजे सेकंदाला २०० मिलिमीटर. एवढ्या वेगात चित्र पुसट येईल ही सगळ्यांची पहिली धास्ती होती आणि ती फोल ठरली. शटर सेकंदाचा शंभरावा भाग उघडं राहिलं तर बाटली तेवढ्यात २ मिलिमीटर सरकते आणि बॅच नंबर फासला जातो. दहा हजाराव्या भागापुरताच प्रकाश टाकला तर ती जेमतेम ०.०२ मिलिमीटर सरकते. क्षणभराच्या झगझगीत प्रकाशाने धावती वस्तू थांबल्यासारखी टिपण्याचं तंत्र एमआयटीच्या हॅरोल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकातच पक्कं केलं होतं. बाटलीच्या पुढे जाण्याची अडचण नव्हतीच. ती पुढे जाता जाता डोलत होती, आणि डोलण्यावर कुठल्याही दिव्याचा इलाज चालत नाही.

पहिल्याच आठवड्यातल्या एका रात्रपाळीत चांगल्या बाटल्यांचे क्रेटच्या क्रेट बाद झाले. बाटली कलली की औषधाची पातळी तिरकी दिसते आणि कॅमेरा म्हणतो, भरणा कमी. बसवायला आलेल्या इंजिनिअरने मर्यादा सैल केली, तर खरोखर कमी भरलेल्या बाटल्या पार होऊ लागल्या. पुन्हा आवळली, पुन्हा क्रेट भरले. आठ-दहा दिवस सगळे त्या छोट्या पडद्याकडे बघत होते. मीही त्यांच्यातच होतो, आणि त्या दिवसांची मला आजही रुखरुख आहे. बाटलीच्या पायाशी काय चाललंय ते आमच्यापैकी एकानेही वाकून पाहिलं नाही.

बॅच संपून लाइन क्लिअर झाल्यावर मी एक पारदर्शक बाटली अर्धी पाण्याने भरली, त्यात निळी शाई टाकली आणि ती रिकाम्या चेनवर सोडली. गुडघ्यावर बसून, डोळे चेनच्या पातळीला आणून तिच्याबरोबर सरकत गेलो. पाणी सगळं सांगत होतं. दोन चेनच्या मधल्या पट्टीला आम्ही डेड प्लेट म्हणतो. तिची कड नखभर वर होती, तिथे पाण्याला पहिला हिसका बसायचा. तो शांत होण्याच्या आतच बाटली कॅमेऱ्यासमोर पोचायची. पुढे गाइड रेल एका बाजूने सैल. एक-दोन ठिकाणी चेन कोरडी पडलेली, तिथे बाटली अडायची आणि मग सुटायची.

एवढं सगळं दुरुस्त केलं तरी पाण्यावर एक बारीक, ठरावीक ठेका उरलाच. तो कुठून येतो ते सापडायला मला दोन दिवस लागले. चेन चक्रावरून वळताना गोलाईने वळत नाही. कड्या ताठ असल्याने ती बहुकोनासारखी वळते आणि दर कडीला वेग किंचित चढतो, किंचित उतरतो. चक्राभोवती ८ कड्या मावत असतील तर सर्वाधिक आणि सर्वांत कमी वेगात ७.६ टक्के फरक पडतो. १२ असतील तर ३.४ टक्के, २० असतील तर १.२ टक्के. आमच्या लाइनवर जागा वाचवायला छोटं चक्र घातलेलं होतं, तेही कॅमेऱ्यालगत. मोठं चक्र बसवलं, मोटर दूरच्या टोकाला नेली. कॅमेऱ्याच्या मर्यादेला हात न लावता चांगल्या बाटल्या बाद होणं जवळपास थांबलं. माझ्या सगळ्या नोकरीत मला सर्वांत जास्त समाधान देणारं काम तेच.

पुढे काचेच्या जागी पेट प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या. रिकामी पेट बाटली पंख्याच्या वाऱ्यानेही सरकते. तिला धरायला चेनच्या दोन्ही बाजूंनी मऊ पट्टे आले, बाटलीला दोन्हीकडून कवेत घेऊन चालवणारे. त्यांनी बाटली अधांतरी उचलून नेता येते आणि खालून तळही तपासता येतो. या पट्ट्यांचं गणित मला फार आवडतं. दोन्ही पट्ट्यांचा वेग तंतोतंत सारखा असेल तर बाटली ध्यानस्थ बसल्यासारखी जाते. एक थोडा जलद झाला तर ती स्वतःभोवती फिरू लागते. लेबल चहूबाजूंनी बघायचं असेल तर ही खोड मुद्दाम वापरतात. ५० मिलिमीटर व्यासाची बाटली एकदा पूर्ण फिरायला एक पट्टा दुसऱ्यापेक्षा ३१४ मिलिमीटर जास्त चालावा लागतो, बाटलीच्या घेराच्या बरोबर दुप्पट.

खोक्यांची कथा वेगळी. खोकं पडत नाही, पण घसरतं. युरोपात ९ फेब्रुवारी २०१९ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या बहुतेक औषधांच्या खोक्यावर स्वतंत्र ओळख-क्रमांकाचा कोड सक्तीचा झाला. आपल्याकडे १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड किंवा बारकोड आला. कोड धावत्या खोक्यावर छापला जातो आणि लगेच पुढच्या कॅमेऱ्याने वाचला जातो. प्रिंटर पट्ट्याचा वेग बघून छापतो. खोकं पट्ट्यावर जरासं घसरलं की कोडचा चौकोन दबतो किंवा ताणला जातो, आणि चांगल्या औषधाचं खोकं बाद होतं. वरून दाबून धरणारा पट्टा किंवा खालून हवेने ओढून धरणारा, दोन्हीपैकी एक लागतोच. शाई बदला, प्रिंटर बदला असे फोन मला अजूनही येतात. मी आधी पट्ट्याचा ताण विचारतो.

व्हिज्युअलच्या त्या खोलीत मी पुन्हा गेलो तो २०१२ मध्ये. ॲम्प्यूलच्या जोडीला आता व्हायली होत्या आणि त्यांच्यासाठी स्वयंचलित यंत्र आलं होतं. यंत्र व्हायल पकडून मिनिटाला हजाराच्या वर फेऱ्यांनी गरगर फिरवायचं आणि एकदम ब्रेक लावायचं. काच स्थिर, औषध फिरतं. कॅमेरा लागोपाठ चित्रं घेऊन एकातून दुसरं वजा करतो. जे जागचं हललं नाही ते ओरखडा किंवा डाग, जे हललं तो कण. हे मी अठरा वर्षांपूर्वी त्याच खोलीत पाहिलं होतं.

अशा यंत्राची कसोटी माणसाशी लावतात. ज्युलियस नॅप आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८० मध्ये मांडलेली पद्धत आहे ती: त्याच त्या व्हायली अनेक तपासनिसांना पुन्हा पुन्हा दाखवायच्या, कोणती किती वेळा बाद झाली ते मोजायचं. शंभरात ७० किंवा त्याहून जास्त वेळा बाद झालेली व्हायल नक्की बाद मानायची. अशा व्हायली पकडण्यात यंत्र माणसापेक्षा कमी पडता कामा नये. आमच्याकडे ज्यांच्या नजरेवर हे आकडे काढले त्यांत मावशीही होत्या. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा वर्षही उरलं नव्हतं.

पहिले काही दिवस एका दाटसर औषधाने आम्हाला जेरीला आणलं. यंत्र चांगल्या व्हायली सर्रास बाद करत होतं. मावशी यंत्राच्या जाळीपाशी येऊन दहा मिनिटं बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “झटका देतंय हे. आत बुडबुडे होताहेत.” आम्ही फेरे कमी केले, ब्रेक लांबवला, आणि ब्रेक व कॅमेरा यांच्यामध्ये क्षणभराची उसंत ठेवली. त्या पाळीत बादचा ट्रे तळाशीही भरला नाही. यंत्राच्या सेटिंग शीटवर मी ते तिन्ही आकडे लिहिले. कोणी सांगितलं ते लिहायला रकाना नव्हता, म्हणून शेऱ्याच्या जागेत मावशींचं नाव लिहिलं.

आता नव्या लाइनची ड्रॉइंग टेबलावर येतात तेव्हा कॅमेरा कोणता हे ठरायच्या आधी मी त्याच्या अलीकडे सव्वा मीटर सरळ, बिनजोडाची चेन मागतो. मोटर कॅमेऱ्यापासून लांब मागतो. जागा महाग असते, त्यामुळे दर वेळी वाद होतो. गेल्या पावसाळ्यात एका नव्या मुलीने विचारलं, सर, कॅमेरा तर सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात फोटो घेतो, मग सव्वा मीटर कशाला? कपाटातली निळ्या पाण्याची बाटली मी तिच्या हातात दिली आणि दोघंही चेनपाशी गुडघ्यावर बसलो.